खेळाधारित ऑनलाइन प्रोग्रामिंग अभ्यासक्रमांची निवड : नांदेड व लातूरच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

शालेय मुलांना संगणकाचे प्रोग्रामिंग शिकवावे की नाही, हा वाद आता बहुतांशी मागे पडला आहे. २९ जुलै २०२० रोजी जाहीर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगशी निगडित उपक्रमांचा पुरस्कार केला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून सहावीपासूनच्या विद्यार्थ्यांसाठी तसे घटक उपलब्ध करून दिले. त्यामुळे पालक आणि शाळा यांच्यापुढे आज उभा असलेला प्रश्न निवडीचा आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या अनेक अभ्यासक्रमांपैकी कोणता घ्यावा, आणि तो कोणत्या निकषावर?

यांपैकी बहुतेक अभ्यासक्रम स्वतःला 'खेळाधारित' म्हणवितात. मात्र या शब्दाची पुरेशी चिकित्सा होत नाही. पडद्यावर चित्रे हलतात, गुण मिळतात, पुढची पातळी उघडते, एवढ्यावरून एखादा अभ्यासक्रम खेळाधारित ठरतो काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांच्या शैक्षणिक पार्श्वभूमीवर केला आहे. खेळाचे शैक्षणिक मूल्य बक्षिसात नसून चूक करण्याच्या मोकळिकीत असते, आणि ज्या प्रदेशात शिक्षणाची सारी बांधणी चूक टाळण्याभोवती झाली आहे तेथे अभ्यासक्रम निवडताना हाच निकष सर्वप्रथम लावला पाहिजे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

खेळ आणि चूक : संकल्पनेची पार्श्वभूमी

मुलांसाठी प्रोग्रामिंग ही कल्पना नवी नाही. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, वॉलेस फोयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी 'लोगो' ही संगणकभाषा मुलांसाठी तयार केली. पुढे तिच्यात 'कासव' आले. इतकी पावले पुढे जा, इतके अंश वळ, अशा आज्ञा मूल देते आणि कासव त्याप्रमाणे रेघ ओढत जाते. चौकोन काढायला निघालेल्या मुलाच्या हातून कोन चुकला तर चौकोन बंद होत नाही. पण जी आकृती तयार होते तीच कुठे चुकले ते सांगते. मूल स्वतः कासवाच्या जागी उभे राहून चालून पाहते आणि आज्ञा दुरुस्त करते.

पॅपर्ट यांनी जिनिव्हा येथे ज्याँ पियाजे यांच्यासमवेत काम केले होते. मूल ज्ञान घेत नाही, ते रचते, हा पियाजे यांचा विचार त्यांनी संगणकापर्यंत आणला. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या 'माइंडस्टॉर्म्स' या ग्रंथात त्यांनी चुकीकडे पाहण्याच्या दृष्टीला विशेष महत्त्व दिले आहे. शाळेत उत्तर बरोबर असते किंवा चूक असते. प्रोग्रामिंगमध्ये पहिल्याच प्रयत्नात बरोबर येणे हा अपवाद असतो. तेथे विचारायचा प्रश्न 'बरोबर की चूक' हा नसतो. 'हे दुरुस्त कसे होईल' हा असतो. दोष शोधून तो दुरुस्त करणे हेच तेथे शिक्षण आहे.

याच परंपरेतून मिचेल रेझ्निक व त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआयटी मीडिया लॅबमध्ये 'स्क्रॅच' विकसित केले. ते २००७ साली सर्वांसाठी विनामूल्य खुले झाले. आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून मूल गोष्ट, खेळ किंवा चलच्चित्र तयार करते. अशा साधनाचा उंबरा ठेंगणा असावा आणि छत उंच असावे, ही पॅपर्ट यांची अपेक्षा होती. भिंतीही एकमेकींपासून दूर असाव्यात, म्हणजे प्रत्येक मुलाला आपापल्या वाटेने जाता यावे, अशी भर रेझ्निक यांनी घातली. अभ्यासक्रमाच्या मूल्यमापनासाठी या तीन अपेक्षा आजही उपयुक्त आहेत.

खेळाधारित अभ्यासक्रमांचे तीन प्रकार

उपलब्ध अभ्यासक्रमांची स्थूलमानाने तीन प्रकारांत विभागणी करता येते.

पहिला प्रकार चक्रव्यूहाचा. कोड डॉट ऑर्ग या संस्थेने डिसेंबर २०१३ मध्ये सुरू केलेल्या 'अवर ऑफ कोड' या उपक्रमातील 'अँग्री बर्ड्स'चा धडा हे त्याचे सुपरिचित उदाहरण होय. पक्ष्याला डुकरापर्यंत पोचवायचे असते. 'पुढे जा', 'डावीकडे वळ', 'उजवीकडे वळ' असे मोजके ठोकळे दिलेले असतात. एका तासात मुलाची भीती घालविणे हा या धड्याचा हेतू असून तो उत्तम साधतो. क्रम आणि पुनरावर्तन या दोन संकल्पना पहिलीच्या मुलालाही कळतात. अडचण निर्माण होते ती हीच रचना शंभर पातळ्यांपर्यंत ताणून तिला 'संपूर्ण अभ्यासक्रम' म्हटले जाते तेव्हा. कोठे पोचायचे हे प्रत्येक पातळीत आधीच ठरलेले असते. ठोकळे इकडेतिकडे करून पाहिले तरी वाट सापडते आणि का सापडली हे न कळताही पुढची पातळी उघडते. उंबरा ठेंगणा आहे. पण छतही तितकेच ठेंगणे आहे.

दुसरा प्रकार साहसकथेचा. २०१३ साली सुरू झालेल्या 'कोडकॉम्बॅट'मध्ये खेळाडू पायथॉन किंवा जावास्क्रिप्ट या संगणकभाषांत आज्ञा टंकलिखित करून आपल्या नायकाला तळघरातून वाट काढून देतो. येथे ठोकळे नसून खरी संगणकभाषा आहे, ही त्याची जमेची बाजू होय. मात्र या भाषांतील आज्ञा इंग्रजी शब्दांनी बनलेल्या असतात. इंग्रजी वाचनाचा सराव नसलेला मराठी माध्यमाचा विद्यार्थी 'मूव्ह राइट' हे शब्द अर्थाने न ओळखता आकाराने लक्षात ठेवतो. एखादे अक्षर गळले की आज्ञा चालत नाही, आणि ती तर्काच्या चुकीमुळे अडली की वर्णलेखनाच्या, हे त्याला उमगत नाही. चूक येथेही होते, पण ती बोलत नाही.

तिसरा प्रकार मोकळ्या अंगणाचा. स्क्रॅच हे त्याचे उदाहरण. येथे पातळ्या नाहीत, तयार उत्तर नाही. दुसऱ्याने केलेला प्रकल्प उघडून पाहण्याची आणि त्यात बदल करण्याची मुभा आहे. येथे मूल खेळ खेळत नाही, खेळ रचते. परंतु याच मोकळेपणामुळे मार्गदर्शक नसेल तर मूल मांजराला इकडून तिकडे पळविण्यापलीकडे जात नाही आणि कंटाळते. म्हणजे साधन जितके मोकळे तितकी शिक्षकाची गरज अधिक, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी लागते.

बाजारपेठेचा अनुभव

या क्षेत्रातील बाजारपेठेचा अलीकडचा इतिहास निवडीच्या दृष्टीने उद्बोधक आहे. २०१८ साली मुंबईत स्थापन झालेली व्हाइटहॅट ज्युनियर ही कंपनी ऑगस्ट २०२० मध्ये बायजूज् या कंपनीने ३० कोटी डॉलरला विकत घेतली. टाळेबंदीच्या त्या काळात तिच्या जाहिराती घरोघरी पोचल्या. लहान वयात कोट्यवधींची नोकरी मिळविणारा 'वुल्फ गुप्ता' हा जाहिरातींतील मुलगा काल्पनिक असल्याचे पुढे उघड झाले. ऑक्टोबर २०२० मध्ये भारतीय जाहिरात मानक परिषदेने आक्षेप घेतल्यानंतर कंपनीला पाच जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. २०२१ साली बायजूज्ने टिंकर हा मुलांसाठीचा अमेरिकी प्रोग्रामिंग मंचही सुमारे २० कोटी डॉलरला घेतला. जुलै २०२४ मध्ये बायजूज्च्या मूळ कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि २०२५ मध्ये टिंकरची विक्री सुमारे २२ लाख डॉलरला झाली.

या घटनांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक म्हणजे, अभ्यासक्रमाची किंमत व त्याची जाहिरात यांचा त्याच्या शैक्षणिक गुणवत्तेशी अनिवार्य संबंध नसतो. दुसरी म्हणजे, मुलाने केलेले काम कंपनीच्या दप्तरात अडकून राहत असेल तर कंपनीबरोबर तेही धोक्यात येते. म्हणून मुलाचे काम उतरवून घेऊन आपल्यापाशी ठेवता येते की नाही, हा तांत्रिक वाटणारा प्रश्न वस्तुतः शैक्षणिक आहे.

नांदेड व लातूरचा संदर्भ

लातूरमधील राजर्षी शाहू महाविद्यालयाशी आणि प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या नावाशी 'लातूर पॅटर्न' निगडित आहे. नियमित अध्यापन, वारंवार सराव परीक्षा आणि उत्तरपत्रिकांची काटेकोर तपासणी ही त्याची वैशिष्ट्ये होत. खेड्यापाड्यांतील, शेतकरी कुटुंबांतील असंख्य मुलामुलींना या पद्धतीने वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणाची दारे उघडून दिली, हे तिचे ऋण कोणीही नाकारू नये. नांदेडमध्येही याच धर्तीवर शिकवण्यांचे मोठे जाळे उभे राहिले. सराव परीक्षेतही चुकीला स्थान असते. परंतु ती चूक अंतिम परीक्षेपूर्वी नष्ट करावयाची असते. 'नीट'मध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचा एक गुण वजा होतो. दहावीनंतरच्या परीक्षेसाठी ही शिस्त आवश्यक असेलही. दहा वर्षांच्या मुलाच्या खेळात तीच शिस्त शिरली तर मात्र खेळ उरत नाही. गुण, पदके, क्रमवारी आणि प्रमाणपत्र यांवर उभा असलेला अभ्यासक्रम या प्रदेशात चटकन लोकप्रिय होतो, कारण तो पालकांच्या ओळखीचा असतो. खेळाच्या वेषात ती परीक्षाच असते.

प्रमाणपत्राचे आकर्षणही इतिहासातून आले आहे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या 'एमएस-सीआयटी' अभ्यासक्रमाने २००२ पासून मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांपर्यंत संगणक पोचविला. शासकीय नोकरीसाठी त्या प्रमाणपत्राला मोल आले. संगणक शिकणे म्हणजे प्रमाणपत्र मिळविणे, हे समीकरण तेव्हापासून रुजले. प्रौढांच्या बाबतीत ते व्यवहार्य होते. बालशिक्षणात त्याचा उपयोग नाही.

साधनांची स्थितीही विचारात घेतली पाहिजे. २०२३ च्या 'असर' पाहणीत १४ ते १८ वयोगटाचा अभ्यास २६ राज्यांतील २८ ग्रामीण जिल्ह्यांत झाला. महाराष्ट्रातून त्यासाठी नांदेडची निवड करण्यात आली होती. त्या पाहणीच्या देशपातळीवरील निष्कर्षांनुसार सुमारे ९० टक्के घरांत स्मार्टफोन होता; परंतु तो वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के, तर मुली १९.८ टक्केच होत्या. सुमारे चतुर्थांश मुलांना आपल्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा सफाईने वाचता येत नव्हता. संगणक नसलेल्या घरात वडिलांचा फोन संध्याकाळी तासभर मिळतो, तोही बहुधा आधी मुलाला. अशा घरासाठी केवळ ऑनलाइन, इंग्रजी आणि सलग तासाची उपस्थिती मागणारा अभ्यासक्रम निवडणे म्हणजे मुलीला वगळण्याचा निर्णय नकळत घेणेच होय.

निवडीचे निकष

उपरोक्त विवेचनाच्या आधारे पुढील पाच निकष सुचविता येतील.

पहिला, चुकीचा. आज्ञा चुकल्यावर काय होते? केवळ 'पुन्हा प्रयत्न करा' असा संदेश येतो, की पात्र प्रत्यक्ष चुकीच्या वाटेने जाऊन आपली चूक दाखविते? गुण वजा होत असतील तर तो अभ्यासक्रम दूर ठेवावा.

दुसरा, निर्मितीचा. पाच-सहा तासांनंतर मुलाने स्वतःच्या कल्पनेतून काही तयार केले आहे काय? गोदावरीच्या पुराची गोष्ट किंवा गंजगोलाईच्या बाजारातील हिशेबाचा खेळ त्याला रचता येतो काय?

तिसरा, भाषेचा. सूचना मराठीत आहेत काय, आणि ते मराठी मुलाला कळणारे आहे की यांत्रिक भाषांतर आहे?

चौथा, साधनांचा. इंटरनेटविना काम चालते काय? स्क्रॅच संगणकावर उतरवून घेतल्यास जोडणीशिवाय चालते. त्यामुळे शाळेतील एका संगणकावर दोघे-तिघे मिळून काम करू शकतात. फोनच्या लहान पडद्यावर मात्र ठोकळ्यांची मोठी जुळणी करणे कष्टाचे ठरते.

पाचवा, मालकीचा. काम कोणाचे, ते कोठे राहते, आणि मुलाची कोणती वैयक्तिक माहिती मागितली जाते?

ज्या शाळेत संगणकच नाही तिला या निकषांच्या बाहेर ठेवण्याचे कारण नाही. एसीएम इंडियाने २०१६ साली सुरू केलेल्या 'सीएसपाठशाला' या उपक्रमाने संगणकाविना करावयाच्या संगणकीय विचाराच्या कृती मराठीतही उपलब्ध करून दिल्या आहेत. अंगणात ठिकरीच्या चौकटी आखाव्यात, एका मुलीने चिठ्ठीवर आज्ञा लिहाव्यात आणि दुसरीने त्या अक्षरशः पाळाव्यात. 'उजवीकडे वळ' म्हणजे कोणाच्या उजवीकडे, हा वाद तेथे पहिल्या मिनिटात होतो. पॅपर्ट यांचे कासव तेथेच अवतरते. आसपासच्या साध्या वस्तूंतून बालशिक्षण उभे करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या महाराष्ट्राला ही रीत परकी नाही.

समारोप

अभ्यासक्रमाची निवड ही आज प्रायः एकट्या पालकाची, जाहिरातीच्या आधारे होणारी खरेदी बनली आहे. सोयाबीनच्या उत्पन्नावर वर्षाचा खर्च भागविणाऱ्या कुटुंबाला ती चूक परवडणारी नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालयांत संगणकशास्त्राचे आणि अध्यापनशास्त्राचे विभाग आहेत, प्रयोगशाळा आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थीही आहेत. दोन विभागांनी मिळून विनामूल्य अभ्यासक्रम मुलांसमवेत वापरून पाहावेत, वरील निकषांवर त्यांचे परीक्षण करावे आणि ते पालकांपुढे मराठीत ठेवावे. आठवड्यातून एक दुपार प्रयोगशाळा जवळच्या जिल्हा परिषद शाळेला खुली करावी. मोकळ्या अंगणाच्या अभ्यासक्रमांत जी उणीव दिसली ती सोबत बसणाऱ्या मोठ्या माणसाची आहे, आणि ती भरून काढणे महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे.

लातूर पॅटर्नने या प्रदेशाला अचूक उत्तर देण्याची सवय लावली. अचूक उत्तराची गरज पुढे आहेच. त्याआधी काही वर्षे मुलाला चुकून पाहण्याची, चूक न्याहाळण्याची आणि ती आपल्या हाताने दुरुस्त करण्याची जागा मिळाली पाहिजे. जो अभ्यासक्रम ती जागा देतो तोच निवडावा, मग त्याच्या शेवटी प्रमाणपत्र मिळो वा न मिळो.