कवीचे घर आणि कवीची वाट

जपानी हायकूकार बाशो १६८९ साली उत्तरेच्या पायी प्रवासास निघाला तो फुकागावाहून. टोकियोच्या त्याच भागात १९८१ साली त्याचे संग्रहालय उभे राहिले. ते स्मारक प्रस्थानाचे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंडचे केशवसुत स्मारक मात्र जन्मगावच्या घराचे. घर जपले, कविता शिळांवर कोरल्या, हे स्तुत्यच. परंतु चाकरीपायी गावोगाव फिरलेल्या केशवसुतांनी ‘तुतारी’ १८९३ साली मुंबईत लिहिली आणि १९०५ साली ते हुबळीस वारले. केवळ घर पाहून असा कवी पुरता उमजत नाही. पोटासाठी गाव सोडून शहाडला वसलेल्या कुटुंबांना हे निराळे सांगणे नलगे. मुलांना मालगुंडला अवश्य न्यावे. सोबत कवितांखालची स्थळे व तारखाही वाचून दाखवाव्यात.