गोधडीतील खंड

संसार आणि मुलांचे संगोपन यांपायी जिची वस्त्रकला काही वर्षे थांबते, अशा स्त्रीच्या पुनरागमनाचा विचार करताना ती वर्षे वजा धरण्याचा प्रघात आहे. पैठणीपुरते हे काहीसे खरे आहे. येवल्याचा माग स्वतंत्र जागा मागतो, सलग वेळ मागतो, आणि सुटलेला हात सहजी परत येत नाही. गोधडीला मात्र हे माप लागू पडत नाही. जुनी लुगडी, धोतरे, मुलांची आखूड झालेली झबली यांचे थर धावदोऱ्याने शिवून ती सिद्ध होते. वापराने मऊ झाल्यावाचून कापड तिला चालत नाही. अर्थात् सुई बाजूला पडली होती तेव्हाही तिचे साहित्य घडतच होते. डहाणू-तलासरीकडील वारल्यांचा लग्नचौक वस्त्रकलेत मोडत नसला, तरी परंपरेने तो सुवासिनींनीच लिहावयाचा. तेथे संसार हा कलेचा अडसर नसून अधिकार ठरतो.

तथापि या वर्षांचा गौरव करणेही बरे नव्हे. दृष्टी मंदावते, टाका लांबतो. अर्धवट राहून पुढे पुरी केलेल्या गोधडीत जुना व नवा टाका शेजारी शेजारी असतात. समीक्षकाने प्रथम वाचावयाचे ते हेच.