एका रुग्णाचे पुस्तक कसे वाचावे



करोल बागेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याचा परवा फोन आला. “सर, अभय बंगांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ वडिलांना पाठवलं. आता ते गोळ्या बंद करायच्या म्हणतात!”

पुस्तक तुम्ही जरूर वाचा. डॉक्टर स्वतःच रुग्ण होतो आणि आपल्या धावपळीचा, भीतीचा हिशेब न लपवता मांडतो. पण हा एकाच माणसाचा अनुभव आहे. आहार, व्यायाम, ध्यान, सगळे एकदम बदलले. शिवाय औषधोपचार होतेच. कशाने किती गुण आला, हे त्यावरून ठरत नाही. प्रयोगशाळेत एका रीडिंगवर आलेख काढता का? (काही जण काढतात, ते सोडा.)

याच लेखकाचा गडचिरोलीतील नवजात बालकांवरचा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. तिथे ३९ गावांत घरोघरी सेवा दिली आणि तुलनेसाठी ४७ गावे ठेवली. तो पुरावा झाला. पुस्तकाचे बळ वेगळे आहे: ते माणसाला स्वतःकडे बघायला लावते.

वडिलांना मी एवढेच कळवले: पुस्तक उशाशी ठेवा, गोळ्यांचे डॉक्टरांना विचारा.