‘पर्याय’ या शब्दाचा भार

अमेरिकेतील गांजाविषयक वादात ‘पर्याय’ हा शब्द पुराव्यावाचून सिद्धान्तपदास चढला आहे. वैद्यकीय गांजास मुभा देणाऱ्या राज्यांत अफूवर्गीय वेदनाशामकांच्या अतिमात्रेने होणारे मृत्यू अपेक्षेहून सुमारे २५ टक्के कमी आढळतात, असे १९९९ ते २०१० च्या आकड्यांवरून २०१४ मधील एका निबंधाने दाखविले. तीच पद्धत २०१७ पर्यंत लावून पाहता, २०१९ मध्ये संबंध उलटला. मृत्यू सुमारे २३ टक्के अधिक! दोन्ही निबंध राज्यांविषयी बोलतात. एखाद्या रुग्णाने गोळी सोडून गांजा घेतला काय, याविषयी नव्हे. पहिल्या निबंधकारांनी बाळगलेली सावधगिरी प्रचारकांनी गाळली. शिवाय ‘गांजा’ म्हणजे नेमके काय, हेही मोघमच राहते. भारताचा १९८५ चा कायदा निदान फुलोरा आणि नुसती पाने यांत भेद करतो.