चार ओळींत मावणारा मेंदू?

मेंदूतल्या विद्युत लहरींची ओळख करून देणाऱ्या पुस्तकांत एक चित्र हटकून असते. एकाखाली एक चार ओळी : बीटा म्हणजे विचार, अल्फा म्हणजे शांतता, थीटा म्हणजे गुंगी, डेल्टा म्हणजे गाढ झोप. चित्र सुटसुटीत आहे. पण लहर केवळ तिच्या वारंवारतेवरून ओळखता येते असे ते सुचवते, हा आमचा आक्षेप आहे.

हान्स बर्गर यांनी १९२९ साली माणसाच्या मेंदूचे आलेख (ईईजी) प्रथम प्रसिद्ध केले. या लहरी हृदयाच्या तर नाहीत ना, हे तपासायला त्यांनी हृदयाचा आलेखही सोबत घेतला होता. ही सावधगिरी चित्रात हरवते.

सेकंदाला ८ ते १३ आवर्तने मोजली, म्हणजे अल्फा सापडली असे नाही. ती डोक्याच्या मागच्या भागात, डोळे मिटल्यावर ठळक होते का, आणि उघडताच मावळते का, हेही पाहावे लागते. उलट, कपाळाजवळची डेल्टासारखी मोठी, संथ लहर पुष्कळदा निव्वळ पापणी लवल्याची असते. लहान मुलांत तर जागेपणीही संथ लहरी दिसतात. तो आजार नव्हे.

असा निर्दोष आलेख चुकीचा वाचला गेला, तर फेफरे नसलेल्या मुलाला वर्षानुवर्षे औषधे घ्यावी लागू शकतात.

वर्गात हे चित्र जरूर दाखवावे. मात्र शेजारी फळ्यावर तीन प्रश्न लिहावेत : वय किती? डोळे उघडे की मिटलेले? विद्युतअग्र डोक्यावर कोठे होते?