हिमालयाच्या खिंडी आणि आमचे प्रवासलेखक

उन्हाळ्याच्या सुटीत हिमालयातील एखादी उंच खिंड पायी ओलांडावयाची आणि परतल्यावर त्या आठ-दहा दिवसांचे वर्णन लिहावयाचे, हा प्रघात आमच्या सुशिक्षित वर्गात चांगलाच रुळला आहे. यूथ हॉस्टेल्ससारख्या संस्थेच्या तुकडीत नाव नोंदवावे, वाटाड्यामागून चालावे आणि ठरलेल्या तळावर मुक्काम करावा, असा हा सामुदायिक प्रवास. यालाच सर्रास 'ट्रेक' म्हणतात. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठ्याची रांग असलेल्या खानदेशात, बोदवडसारख्या गावीही, अशी वर्णने आवडीने वाचली जातात. ही आवड स्तुत्य आहे. म्हणूनच या लेखनातील एक मोठा दोष स्पष्टपणे सांगणे आम्हांस अवश्य वाटते.

तो दोष असा की, आमच्या लेखकांची खिंड नेहमी 'सर' होते. किल्ल्यांच्या इतिहासामुळे हे क्रियापद आमच्या जिभेवर बसले आहे. हिमाचल प्रदेशातील सर पासच्या बाबतीत तर 'सर पास सर केला' हा श्लेष आयताच हाताशी येतो. वस्तुतः तेथील 'सर' म्हणजे सरोवर. शिवाय खिंड म्हणजे शिखर नव्हे. दोन खोऱ्यांतील माणसांनी जाण्यायेण्यासाठी शोधून काढलेली ती वाट होय. कुलू आणि लाहौल यांमधील सुमारे ४,२७० मीटर उंचीच्या हामटा खिंडीतून मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या आपले कळप उन्हाळी कुरणांकडे नेत आले आहेत. जी वाट मेंढरांच्या पायाखालची, ती जिंकल्याची द्वाही फिरविणे शोभत नाही. या खिंडीच्या अलीकडे हिरवी रानेकुरणे आणि पलीकडे उघडे, रुक्ष डोंगर आहेत, कारण पावसाळी ढग बहुतांशी अलीकडेच अडतात. सह्याद्रीच्या आडोशास राहणाऱ्या खानदेशी वाचकास हा चमत्कार एका वाक्यात समजला असता. परंतु लेखक त्या क्षणी आपले छायाचित्र काढवून घेण्यात गुंतलेला असतो.

विजयाच्या भाषेत नायक एकच उरतो. पहाटे उठून चहा करणारा स्वयंपाकी, राहुट्या वाहून नेणारा खेचरवाला, बर्फात पायऱ्या खोदणारा वाटाड्या हे सर्व 'आमचा गाईड फार प्रेमळ होता' एवढ्यात आटोपतात. त्याचे गाव कोणते, हिवाळ्यात तो काय करतो, त्यास मजुरी काय मिळते, याची विचारपूस क्वचितच होते. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून उत्तरेस निघाले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापून प्रसिद्ध झाला. घरच्या कर्जापायी दक्षिणा मिळवावयास निघालो, हे ते आडपडदा न ठेवता सांगतात. आणि आपले भयही लपवीत नाहीत. म्हणूनच त्यांची वाट आजही खरी वाटते.

कोणी म्हणेल, सुटीत चार दिवस चालून आलेल्या गृहस्थाकडून इतकी अपेक्षा कशाला? आमचे उत्तर असे की, हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. ही वर्णने वाचून घरोघरचे आईबाप मुलामुलींस जावयाची परवानगी देतात. सुमारे ३,००० मीटरांच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये, असा वैद्यकाचा सर्वसाधारण नियम आहे. डोके दुखून उलट्या होऊ लागल्यास आणखी वर चढू नये. चालताना तोल जाऊ लागल्यास तत्काळ खाली उतरावे. परंतु विजयकथेत मागे फिरणारा मनुष्य भित्रा ठरतो. आपले दुखणे लपवून पुढे रेटणाऱ्याचे जो कौतुक लिहितो, तो पुढच्या तुकडीतील एखाद्या मुलास तेच करावयास शिकवितो. हवामानाचेही तसेच. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील सहस्रतालच्या वाटेवर २२ जणांची तुकडी वादळी हवेत सापडली. बरोबर स्थानिक वाटाडे असूनही तीतील ९ जण दगावले. वाटाड्या 'आज थांबू' म्हणाला आणि सारे थांबले, ही हकीकत लेखकास रुक्ष वाटली तरी वाचकाच्या घरी तिचे मोल फार आहे.

सामुदायिक चालण्याची भाषा आम्हांस परकी नाही. बोदवडच्या शेजारच्या मुक्ताईनगर तालुक्यातील कोथळीहून संत मुक्ताबाईंची पालखी दर आषाढीस सुमारे महिनाभर पायी चालत पंढरपुरास जाते. वारकरी वाट 'सर' करीत नाही. तो ती चालतो. विणेकरी, चोपदार, वाटेवर पाणी देणारे गाव, मागे राहिलेल्यास हात देणारा सोबती, या सर्वांचे ऋण त्याच्या बोलण्यात सहज येते. आमच्या प्रवासलेखकांचे लेखनही जेथे राहुटीतल्या सोबत्यांकडे वळते, अनोळखी माणसे दोन रात्रींत एकमेकांची कशी होतात हे सांगते, तेथे एकदम जिवंत होते. हाच धागा त्यांनी धरावा. आपण दुसऱ्याच्या पावलावर पाऊल ठेवीत खिंड ओलांडली, हे सांगण्यात कमीपणा मुळीच नाही. तसे लिहिले गेल्यास या लेखनास मराठीत मानाचे स्थान मिळेल, अशी आमची खात्री आहे.