छायाचित्रातील माणूस आणि त्याची उसनी पार्श्वभूमी

अमेरिकेत डॅलस येथे सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचे डिगॉलियर ग्रंथालय आहे. विल्यम जॉन्सन याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास टिपलेल्या पश्चिम भारताच्या छायाचित्रांचे संग्रह तेथे जतन केलेले आहेत. जॉन्सन मुंबईत सरकारी नोकरीत होता. १८५४ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीच्या आरंभीच्या सभासदांत त्याची गणना होते. पुढे १८६३ व १८६६ साली मुंबईतील जातीजमातींवरील त्याचा द्विखंडात्मक सचित्र ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

या छायाचित्रांकडे मराठी वाङ्मयाचा अभ्यासक सहजच ‘त्या काळाचा पुरावा’ म्हणून वळतो. तेथेच सावध राहावयास हवे. ग्रंथातील अनेक चित्रे जोडचित्रे आहेत. माणसे एका ठिकाणी टिपलेली, त्यांच्या मागचा देखावा दुसरीकडचा, आणि दोन्हींचा सांधा नंतर जुळविलेला. म्हणजे चेहरा खरा, पागोट्याची घडी खरी, परंतु ज्या भूमीवर तो माणूस उभा दिसतो ती त्याच्या पायाखाली कधीच नव्हती. ओल्या कलोडियनच्या तंत्रात काही सेकंद निश्चल राहणे भाग असे. या मुद्रांवरील ताठरपणाला ‘पौर्वात्य गांभीर्य’ म्हणणे हे निव्वळ वाचकाचे कर्तृत्व होय.

शीर्षकांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. बहुतेक शीर्षके जातीची किंवा व्यवसायाची नावे देतात. व्यक्तीचे नाव नसते. वल्लभ संप्रदायाच्या महाराजांचे चित्रही याच मालिकेत येते. १८६२ च्या महाराज बदनामी खटल्यात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी महाराजांच्या रोगाविषयी साक्ष दिली होती. हे भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू नारायण दाजी दोघेही त्याच फोटोग्राफिक सोसायटीत वावरत होते. कॅमेरा जे सांगू शकत नव्हता ते न्यायालयातील शब्दाने सांगितले.

याच काळातील दुसरा एक शब्द येथे आठवावा. जोतीराव फुले यांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ सालचे. त्यातील कुणबी आणि त्याची गर्भवती बायको जोशाच्या भूलथापांना बळी पडतात, पण ती बोलतात, कुरकुरतात, घरातल्या पैशांचा हिशेब करतात आणि अखेरीस शिकावयास निघतात. जॉन्सनच्या चित्रांतील श्रमिकांना ही सोय नाही. तथापि दोन्हींच्या नशिबातील फरक पाहण्याजोगा आहे. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक स्वीकारले नाही आणि ते छापून येण्यास १९७९ साल उजाडावे लागले. नि:शब्द कष्टकऱ्यांची चित्रे मात्र दहाएक वर्षांतच लंडनच्या ग्रंथात जाऊन बसली.

म्हणून ही चित्रे टाकाऊ ठरत नाहीत. समूहचित्रात एखादी व्यक्ती ऐन वेळी हलते, तिचा हात किंवा चेहरा धूसर उमटतो. जातीच्या शीर्षकाखाली जे बसत नाही ते त्या धूसर डागात शिल्लक राहते. छापील ग्रंथापेक्षा विद्यापीठातील संग्रहांचे मोल वेगळे आहे ते यासाठी. जोडलेले देखावे बाजूला सारून माणूस कोठे उभा होता, हे तेथे शोधता येते. मराठी कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांसाठी अशी चित्रे निवडताना संपादकांनी निदान एवढा शोध घ्यावयास हवा.